चाबूक कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण छापलेली सत्य आणि असत्याची गोष्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर चार-पाचदा तरी येऊन गेली आहे. दोघे विहिरीवर आंघोळीला जातात, असत्य सत्याचे कपडे घालून पसार होते आणि नागवे सत्य लाजून पुन्हा विहिरीत शिरते. गोष्ट चटकदार आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या चित्राबद्दल.

ते चित्र झां-लेओं झेरोम या फ्रेंच चित्रकाराचे, १८९६ सालचे. आज ते मध्य फ्रान्समधल्या मूलँ गावच्या संग्रहालयात आहे. मानवजातीला शासन करण्यासाठी चाबूक घेऊन सत्य विहिरीतून बाहेर येत आहे, असे त्याचे लांबलचक नावच सांगते. बाहेर येत आहे, आत शिरत नाही! पाय काठावरून बाहेर टाकलेला, तोंड ओरडण्यासाठी वासलेले. लाजेचा मागमूस नाही, आणि असत्य तर चित्रात औषधालाही नाही. चाबूकही साधासुधा नव्हे. अनेक चामडी पट्ट्यांचा हा चाबूक फ्रान्समध्ये घरोघरी पोरांना धाक दाखवायला ठेवत. सत्तरी ओलांडलेल्या झेरोमने अख्ख्या मानवजातीला कुठल्या रांगेत बसवले आहे, ते यावरून कळते.

आपण मात्र अंग दिसू नये म्हणून चित्र कापून नुसता चेहरा छापला. विहीर गेली, चाबूक गेला, उरली एक किंचाळणारी बाई आणि तिच्याखाली ओळ, 'लज्जित सत्य'!

अशा रूपकांच्या आडून त्या काळचे चित्रकार नग्न देह बिनधास्त रंगवत, हे मान्य. ज्यूल लफेव्रचे १८७० चे 'सत्य' पाहा (पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे): हात उंचावून आरसा धरलेली, शांत, गुळगुळीत बाई. फ्रेंचमध्ये सत्य स्त्रीलिंगी, म्हणून बाई. झेरोमची बाई मात्र कुणाला दिसावे म्हणून उभी नाही, ती अंगावर येते.

ड्रायफस या निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्याला फ्रान्समध्ये देशद्रोही ठरवले गेले, त्याच्या बाजूने कादंबरीकार झोलाने जाहीर पत्र लिहिले; काहीजण हे चित्र त्या पत्राशी जोडतात. ते पत्र जानेवारी १८९८ चे, म्हणजे चित्रानंतरचे. त्या प्रकरणावर विहिरीतले सत्य रंगवले ते एदुआर दबा-पोंसाँने, १८९८ मध्ये.

पुढच्या रविवारी झेरोमचे चित्र पूर्ण छापावे, ही विनंती. जागा कमी पडली तर गोष्ट कापावी.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा