माउसचा वेग प्रत्येक जुन्या गेमसाठी वेगळा लावा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

डूम, क्वेक, हाफ-लाइफ, नेटकॅफेच्या काळात घराघरांत पोहोचलेला काउंटर-स्ट्राइक १.६ हे गेम आजच्या संगणकावर पुन्हा खेळू पाहणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: माउस भलताच पळतो, नेम बसत नाही. त्यावर सर्रास सांगितले जाते की कंट्रोल पॅनेलमध्ये जा आणि पॉइंटरचा वेग कमी करा. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यामुळे दुखणे वाढते, म्हणून हे पत्र.

विंडोजमधल्या त्या पट्टीला ११ खुणा आहेत. डावीकडून सहावी खूण म्हणजे माउसने पाठवलेल्या एका काउंटला (हालचालीच्या सर्वांत लहान मापाला) पडद्यावर एक पिक्सेल. सातव्या खुणेवर हेच प्रमाण दीडपट होते, आठव्यावर दुप्पट, चौथ्यावर निम्मे. सहावी खूण सोडली की काही काउंट गिळले जातात किंवा कर्सर पिक्सेल ओलांडून उड्या मारतो. तेव्हा पट्टी सहाव्या खुणेवर ठेवावी, तिच्याखालचा ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ (हात वेगाने फिरला की कर्सर आणखी जोरात पळवणारी सोय) हा चौकोन रिकामा करावा आणि पुन्हा तिकडे फिरकू नये. पुढचे सगळे काम एकेका गेमच्या आत करायचे, कारण माउसची हालचाल वाचण्याची प्रत्येक जुन्या गेमची पद्धत वेगळी असते.

आधी मोजमाप. माउसशेजारी साधी फूटपट्टी ठेवा. गेममध्ये भिंतीच्या एखाद्या कोपऱ्यावर नेम धरा आणि माउस एका दिशेने सरकवत पूर्ण गिरकी घेऊन त्याच कोपऱ्यावर या. माउस किती सेंटीमीटर सरकला ते लिहून ठेवा. त्यानंतरची चाचणी अधिक महत्त्वाची आहे: तेवढेच अंतर एकदा सावकाश आणि एकदा झटक्यात कापा. दोन्ही वेळा नेम एकाच जागी आला नाही तर दोष सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे गेममधल्या माउसच्या वेगाच्या, आकड्यात नाही. मध्ये कुठेतरी वेगवाढ होते आहे किंवा हालचाल हरवते आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय आकडा बदलत बसणे व्यर्थ.

क्वेक (१९९६) आणि त्याच घराण्यातला हाफ-लाइफ (१९९८) यांचे गणित अगदी सरळ आहे. माउसच्या एका काउंटला नजर ०.०२२ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी इतकी वळते. दोन्हींत मूळ सेन्सिटिव्हिटी ३ आहे. त्या काळच्या ४०० डीपीआयच्या (एक इंच सरकल्यावर ४०० काउंट पाठवणाऱ्या) माउसने पूर्ण गिरकीला सुमारे ३४.६ सेंटीमीटर लागत. ८०० डीपीआयच्या माउसने १७.३ लागतात आणि १६०० च्या माउसने जेमतेम ८.७. गेम होता तसाच आहे, माउस चौपट बारीक मोजू लागला आहे. हिशेबासाठी ४१,५६४ हा आकडा लक्षात ठेवावा. त्याला डीपीआय आणि हव्या असलेल्या सेंटीमीटरांच्या गुणाकाराने भागा. ८०० डीपीआय आणि ३० सेंटीमीटरला उत्तर १.७३ येते, १६०० ला ०.८७. एस्केपखालची टिल्डची कळ दाबून कन्सोल (गेमला आज्ञा टाइप करण्याची जागा) उघडा आणि ‘सेन्सिटिव्हिटी १.७३’ असे टाइप करा. (या पत्रातल्या आज्ञा देवनागरीत आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या.) काउंटर-स्ट्राइकमध्ये कन्सोल उघडत नसेल तर ऑप्शन्स, कीबोर्ड, ॲडव्हान्स्ड इथे तो चालू करता येतो. आकड्याने समाधान झाले की तो क्वेकच्या आयडी१ फोल्डरमधल्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये लिहावा, कारण कॉन्फिग फाइल गेम बंद होताना नव्याने लिहिली जाते.

याच दोन गेमांत एक खोड आहे आणि तिने कित्येकांना वर्षानुवर्षे छळले आहे. सुरू होताना हे गेम विंडोजची माउसची मांडणी स्वतः बदलतात आणि तिथे शून्य, शून्य, एक असे तीन आकडे भरतात. पहिले दोन वेगाचे उंबरठे (ज्यांच्यापुढे वेगवाढ लागू होते त्या मर्यादा), तिसरा वेगवाढीचा. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये याचा परिणाम निरुपद्रवी होता. दोन्ही उंबरठे शून्य असल्याने सावकाश आणि वेगवान अशा दोन्ही हालचाली सारख्याच दुप्पट होत. विंडोज एक्सपीपासून (२००१) त्या तिसऱ्या एकाचा अर्थच बदलला. आता तो एक म्हणजे ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ चालू. म्हणजे आपण चौकोन रिकामा करून गेम सुरू करायचा आणि गेमने तो गुपचूप भरून टाकायचा!

उपाय सोपा आहे. स्टीम या गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गेमच्या नावावर राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शन्स शोधा आणि तिथे ‘-नोफोर्सएमपार्म्स’ लिहा. क्वेकच्या शॉर्टकटमध्ये हाच शब्द टार्गेटच्या शेवटी एक जागा सोडून जोडायचा. पुष्कळ जण फक्त ‘-नोफोर्सएमॲक्सेल’ लिहितात आणि फरक पडला नाही म्हणतात. पडणार नाहीच. नावात ॲक्सेल असले तरी तो पर्याय पहिले दोन उंबरठेच सांभाळतो. तिसरा, खरा उपद्रवी आकडा ‘-नोफोर्सएमएसपीडी’च्या ताब्यात आहे. ‘-नोफोर्सएमपार्म्स’ने तिन्ही आकडे आपण ठेवले तसे राहतात. क्वेकचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) १९९९ पासून खुला आहे, ज्याला शंका असेल त्याने माउसची फाइल उघडून पाहावी.

दुसरी खोड याच्या उलट आहे: झटका दिला की गिरकी अपुरी पडते. हे गेम दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) कर्सर कुठे पोहोचला ते पाहतात आणि त्याला पुन्हा पडद्याच्या मध्यावर आणून ठेवतात. गेम ६४० बाय ४८० वर चालू असेल तर मध्यापासून कडेपर्यंत ३२० पिक्सेल. १६०० डीपीआयच्या माउसला ते पार करायला ५ मिलिमीटर पुरतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर सेकंदाला ३० सेंटीमीटर वेगाने हात फिरला की कर्सर कडेला आदळतो आणि त्यापुढची हालचाल वाया जाते. उभ्या दिशेत तर २४० पिक्सेलच मिळतात. घाईत वळताना एवढा वेग कोणाच्याही हाताला येतो. ४०० डीपीआयवर तीच मर्यादा चौपट दूर, सुमारे १२० सेंटीमीटरवर जाते. म्हणून असे गेम खेळताना डीपीआय उतरवावा किंवा रिझोल्यूशन वाढवावे. सगळ्यात उत्तम म्हणजे गेमला माउस थेट वाचू द्यावा. स्टीमवरच्या हाफ-लाइफ आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये ‘एम_रॉइनपुट १’ आणि मूळ क्वेकला शॉर्टकटमध्ये ‘-डीइनपुट’. थेट वाचन सुरू झाले की विंडोजच्या वेगवाढीचा आणि पडद्याच्या कडेचा, दोन्हींचा संबंध तुटतो. शिवाय ‘एम_फिल्टर ०’ करावे. ते १ असेल तर लागोपाठच्या दोन फ्रेमची सरासरी घेतली जाते आणि नेम मागून फरपटत आल्यासारखा वाटतो.

विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीच्या गेमांचे जग निराळे. तिथे माउसची हालचाल ‘मिकी’ या एककात मोजली जाते आणि डॉसच्या माउस ड्रायव्हरचे मूळ प्रमाण आडवे ८ पिक्सेलला ८ मिकी, तर उभे ८ पिक्सेलला १६ मिकी असे आहे. उभी हालचाल मंद वाटते तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते, माउस बिघडलेला नसतो. आजच्या संगणकावर डॉसचे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्स ०.७४ या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलमध्ये एसडीएल या विभागात ‘सेन्सिटिव्हिटी=१००’ अशी ओळ असते. मुख्य फाइलमधली ही ओळ बदलली तर सगळेच गेम बदलतात, म्हणून तिला हात लावू नये. गेमच्या फोल्डरमध्ये दोनच ओळींची छोटी फाइल करावी, विभागाचे नाव आणि ‘सेन्सिटिव्हिटी=५०’. शॉर्टकटमध्ये ‘-यूजरकॉन्फ -कॉन्फ’ आणि पुढे या फाइलचे नाव लिहावे. ‘-यूजरकॉन्फ’ विसरलात तर तुमची मुख्य फाइल वाचलीच जात नाही आणि आवाजापासून पडद्यापर्यंत सगळे मूळ पदावर जाते. लोक मग माउस सोडून भलतीकडेच शोधत बसतात.

डूम (१९९३) मध्ये माउस पुढे सरकवला की माणूसही पुढे चालतो. नजर फिरवताना पाय घसरतात ते यामुळे. चॉकलेट डूम या आजच्या संगणकांसाठीच्या डूमच्या आवृत्तीच्या सेटअपमध्ये उभी हालचाल बंद करण्याची सोय आहे. तिथेच ॲक्सेलरेशन मुळात २ असते, ते १ करावे. ड्यूक न्यूकेम थ्रीडी (१९९६) मध्ये आडवा आणि उभा वेग कॉन्फिग फाइलमधल्या ‘माउसॲनालॉगस्केल’च्या ० आणि १ या ओळींत वेगवेगळे ठेवता येतात. मूळ आकडा ६५५३६ आहे, निम्मा वेग हवा तर ३२७६८.

अनरिअल टूर्नामेंटमध्ये (१९९९) सिस्टम फोल्डरमधल्या यूजर फाइलमध्ये ‘बीमॅक्समाउसस्मूदिंग’ फॉल्स करावे. फाइल बदलताना गेम पूर्ण बंद हवा, नाहीतर बाहेर पडताना तो आपला बदल पुसतो.

माउस हलवताच जुना गेम अडखळू लागला, तर माउसचा पोलिंग रेट तपासावा. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा बातमी देतो, गेमिंग माउस १००० वेळा. आलेला प्रत्येक निरोप एकेक करून निपटणाऱ्या जुन्या गेमला हा पूर झेपत नाही. रेट ५०० किंवा १२५ वर आणला की अडखळणे थांबते. लॉजिटेक, रेझर यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेमच्या ईएक्सई फाइलला वेगळे प्रोफाइल जोडता येते. ज्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटीची सोयच नाही, त्याच्यासाठीही हाच मार्ग.

घरात एकच संगणक असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. क्वेक किंवा हाफ-लाइफ नीट बंद केला तर माउसची मूळ मांडणी तो परत ठेवतो. मध्येच कोसळला तर ठेवत नाही, आणि मग वर्डमध्ये टाइप करणाऱ्यालाही कर्सर अनोळखी वाटू लागतो. घाबरून कंट्रोल पॅनेलमधले आकडे हलवू नयेत. गेमने केलेला बदल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली मांडणी कायमची साठवते तिथे, लिहिलेला नसतो. साइन आउट करून पुन्हा साइन इन केले की माउस पूर्ववत होतो.

कळावे,
आपले नम्र,
जुने संगणक-गेम खेळणारे काही वाचक, पुणे