वर्दीवरून परत आल्यानंतरचं ट्रेनिंग कुठे आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोठी आग लागली किंवा मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात जवानांचं आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांचं कौतुक येतं, ते यायलाच पाहिजे, पण हीच माणसं वर्दीवरून, म्हणजे आग-अपघाताच्या कॉलवरून, परत आल्यावर रात्री झोपतात का, घरी बोलतात का, याबद्दल कुठे काही वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. माझा धाकटा भाऊ अग्निशमन दलात आहे आणि मावसबहीण ॲम्ब्युलन्सवर ड्युटी करते, त्यामुळे दोन्हीकडचं घरातच कानावर पडतं. माझं म्हणणं एवढंच आहे की मनाची तयारी हा ट्रेनिंगचाच भाग पाहिजे, म्हणजे ड्युटीच्या वेळेत, पहिल्या दिवसापासून, काहीतरी भयंकर घडल्यानंतर उरकलेलं एखादं लेक्चर नको.

ॲम्ब्युलन्सच्या ट्रेनिंगमध्ये सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून श्वास देणं, पुतळ्यावर शिकवतात. मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, 30 वेळा दाबलं की 2 श्वास, हे इतकं घोटून घेतात की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या दहा जणांपैकी जेमतेम एखादा जिवंत घरी जातो, बऱ्याच ठिकाणी तेवढाही नाही, हे सुरुवातीलाच समोर बसवून कोण सांगतं? मग नवीन आलेल्या मुलीचे पहिले काही पेशंट गेले की ती स्वतःलाच दोष देत बसते, आपलाच हात कमी पडला असं तिला वाटतं. आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला किंवा आईला ‘गेले’ हे कोणत्या शब्दांत सांगायचं, त्यानंतर तिथे किती वेळ थांबायचं, हेसुद्धा कामच आहे ना, मग त्याची प्रॅक्टिस नको का घ्यायला?

बहीण सांगते, पेशंट गेल्यावर गाडीत येऊन स्ट्रेचर पुसायचं, मॉनिटरचे पॅड नवीन ठेवायचे, ऑक्सिजनचा काटा बघायचा, ग्लोव्हज भरायचे आणि कंट्रोलला कळवायचं की गाडी तयार आहे. झालं. पुढच्या कॉलला हात मोडलेलं लहान पोर असतं आणि त्याच्याशी हसून बोलायचं असतं.

फायरमनचंही तसंच. धुरात काही दिसत नसताना भिंतीला हात लावून पुढे कसं सरकायचं, होज म्हणजे पाण्याचा पाइप धरून मागे कसं फिरायचं, सिलेंडरमधली हवा संपत आल्याची शिट्टी वाजायच्या आत बाहेर कसं यायचं हे पुन्हा पुन्हा करून घेतात. माणूस घाबरला की श्वास वाढतो आणि हवा लवकर संपते, म्हणून बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क) लावून श्वास ताब्यात ठेवायची ड्रिल असते. म्हणजे भीती शरीरात काय करते हे खात्याला पक्कं माहीत आहे, मग तीच भीती महिनाभराने झोपेत आली की तिला कमजोरी का म्हणायचं? आणि ‘तुझ्यावर कुठे बेतलं होतं, तू तर फक्त बघितलंस’ हे म्हणणंही आता बंद व्हावं, कारण मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-5 या पुस्तकात 2013 पासून कामाचा भाग म्हणून असले प्रसंग वारंवार बघावे लागणं हासुद्धा आघातच धरलाय.

उपाय म्हणून काय करतात तर घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून एकेकाला बोलायला लावतात. ही पद्धत 1983 मध्ये अमेरिकेतल्या जेफ्री मिचेल यांनी मांडली, ते स्वतः अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्सचं काम केलेले होते, हेतू चांगलाच होता. पण घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींना तर उलट वाढतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेचं 2011 चं मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक आहे, त्यातही बोलायची जबरदस्ती करू नका हेच सांगितलंय, आधी बघा, मग ऐका, मग गरज असेल तिथे मदतीशी जोडून द्या. मला हे फार पटतं. काही जणांना बोलायचं नसतं, त्यांना घरी जाऊन आंघोळ करून झोपायचं असतं, आणि पहिले काही दिवस झोप उडणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं हा आजार नसतोच, बहुतेकांचं आपोआप कमी होतं. महिना उलटला तरी कमी झालं नाही तर मात्र डॉक्टरकडे जायलाच हवं.

हे ओळखणार कोण तर सोबतचा माणूस. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये सुरू झालेली ट्रिम नावाची पद्धत आहे, त्यात टीममधल्याच काही जणांना ट्रेनिंग देतात, ते घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी आणि मग महिन्याभराने सहकाऱ्याशी शांतपणे बोलतात, झोप कशी आहे, चिडचिड वाढलीय का, पिणं वाढलंय का, आणि दोन्ही वेळच्या उत्तरांची तुलना करून बघतात. यात मोठी यंत्रसामग्री काहीच लागत नाही, वेळ लागतो आणि तो शिफ्टमध्ये धरावा लागतो, शिफ्ट संपल्यावर थांबा म्हटलं तर कोणीच थांबणार नाही. कंट्रोल रूममध्ये फोन उचलणाऱ्यांनाही यात घ्या, ते काही बघत नाहीत पण फोनवर सगळं ऐकतात आणि पुढे काय झालं हे त्यांना बऱ्याचदा कळतसुद्धा नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. भावाला मी दोनदा म्हटलं की कोणाशी तरी बोल, तर तो म्हणाला, ताई, एकदा फाइलवर आलं की मला गाडीवरून काढून टेबलावर बसवतील. ही भीती असेपर्यंत कितीही समुपदेशक नेमा, कोणी दार वाजवणार नाही. म्हणून मदत मागणाऱ्याचं नाव वरिष्ठांकडे जाणार नाही आणि नुसती मदत मागितली म्हणून ड्युटी बदलणार नाही, हे लेखी नियमात पाहिजे, आणि वरिष्ठांनी आधी स्वतः जाऊन यावं. संपादक साहेब, पुढच्या वेळी तुमचे बातमीदार आगीची बातमी करायला गेले की आग कशी लागली यासोबत त्या रात्रीच्या शिफ्टला नंतर कोणी विचारलं का, हाही एक प्रश्न अधिकाऱ्यांना विचारा.

आपली,
एका फायरमनची बहीण