तळपायाची बधिरता आकड्यांत कधी येणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिनाच्या बातम्या येतात. नवे रुग्ण किती सापडले आणि त्यांतले विकृती असलेले किती, हे दोन आकडे त्यांत असतात. अवैद्यकीय सहाय्यक म्हणून उभी नोकरी गावोगाव चट्टे तपासण्यात गेली, म्हणून या दुसऱ्या आकड्याबद्दल लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत हात, पाय आणि डोळे यांना ०, १, २ अशा श्रेणी देतात. तळहात किंवा तळपाय बधिर झाला, पण वरून काहीच दिसत नाही, ती श्रेणी १. बोटे वाकली, जखम झाली, पाऊल लुळे पडले की श्रेणी २. बातमीत येतो तो श्रेणी २ चाच आकडा. उद्दिष्टही त्याचेच: दर दहा लाख लोकसंख्येमागे असा नवा रुग्ण एकाहून कमी हवा. बोट वाकेपर्यंत माणूस हिशेबातच येत नाही.

कापूस वेचणारी एक बाई आठवते. पायातली चप्पल निसटली तरी तिला कळायचे नाही, धुऱ्यावरून मागे फिरून शोधायची. तिला डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला पेनाचे टोक टेकवले. जिथे टोक लागेल तिथे बोट ठेवून दाखवायचे असते. अंगठ्याखाली टेकवले, टाचेला टेकवले. ती शांत बसून होती. थोड्या वेळाने म्हणाली, "भाऊ, करा ना सुरू."

तिच्या कार्डावर 'विकृती ०' लिहिले होते. चट्टे मोजले होते, पाय कोणी तपासला नव्हता. बधिरता येऊन सहा महिने झाले नसतील तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड औषधाने ती मागे हटण्याची चांगली आशा असते. तिचे वर्ष उलटून गेले होते. एमडीटीने (कुष्ठरोगाच्या बहुऔषधी उपचाराने) जंतू मेले, संवेदना परत आली नाही. एमसीआर (मऊ रबरी तळव्याची) चप्पल दिली, रोज पाय भिजवून तेल लावायला आणि तळवे निरखायला शिकवले. हातात तेवढेच उरले होते.

दुसरी अडचण अशी की रुग्णाची सर्वांत वरची श्रेणीच धरली जाते. एकाची फक्त करंगळी वाकलेली, दुसऱ्याचे दोन्ही हात, पाय आणि डोळे गेलेले. दोघेही 'श्रेणी २'. सहाही अवयवांच्या श्रेणींची बेरीज केली तर पहिल्याचे २ येतात, दुसऱ्याचे १२. ही बेरीज जुनीच आहे, शास्त्रमान्य आहे. उपचार सुरू करताना आणि संपताना ती कार्डावर लिहिली तर रुग्ण सुधारला की खालावला हे सरळ दिसेल.

पुढच्या ३० जानेवारीला आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्याचा श्रेणी १ चा आकडाही मागावा, आणि किती जणांचे तळपाय खरोखर तपासले तेही विचारावे, ही विनंती.

– एक निवृत्त अवैद्यकीय सहाय्यक (कुष्ठरोग), जि. चंद्रपूर