बियरची भांडी नुसती धुऊन भागत नाही

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला घरी बियर करायचा लेख वाचला, आवडला, पण भांड्यांबद्दल त्यात एकच वाक्य, 'भांडी स्वच्छ धुऊन घ्यावीत', आणि संपलं. गेल्या पावसात मीही एवढंच केलेलं. बियर आंबवायचा डबा घासला, कढत पाण्यानं विसळला, वाळवायला ऊन कुठलं म्हणून ओट्यावरच्या फडक्यानं पुसला (तेच फडकं, मासे कापल्यावर हात पुसतो ते!). नवव्या दिवशी झाकण उघडलं तर वर पांढरी सुरकुतलेली साय आणि वास थेट विनेगरचा. बायको म्हणाली, शेजारणीला द्या, विंदालूला होईल. वीस लिटर मोरीत ओतलं.

आपल्याकडे माडाची सूर (माडी) उघडी राहिली की तिचं विनेगर होतं हे पोरंसोरंही जाणतात, मग बियरला तोच न्याय लागतो हे माझ्या डोक्यात का आलं नाही कोण जाणे. काजूचा रस आपसूक हवेतल्या यीस्टवर आंबतो आणि मग फेणी गाळायला भाटीवर चढतो, बियरला पुढे अशी भट्टी नाही, जे आत शिरलं ते बाटलीपर्यंत येतं.

शेवटी चोर सापडला तोटीत. डब्याची प्लास्टिकची तोटी मी कधी खोललीच नव्हती, वॉशर काढला तर मागं तपकिरी चिकट थर, नखानं खरवडावा लागला. अशा थरावर सॅनिटायझर ओतून काय उपयोग, तो वरवर जातो, जंतू खाली मजेत. म्हणून आधी घासणं आणि मग जंतू मारणं ही दोन वेगळी कामं. घासायलाही मऊ स्पंज, तारेची घासणी नको, प्लास्टिकवर ओरखडे पडले की जंतूंना घरच मिळतं. उकळायच्या पातेल्याचं एवढं टेन्शन नाही, तासभर उकळी बसते. खरी काळजी वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) थंड झाल्यापासून पुढे, डबा, पाइप, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झाकणावरची नळी), चमचा, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा.

मी आता फॉस्फरिक ॲसिडवालं फेसाचं सॅनिटायझर वापरतो, लिटरला दीड मिली, दोनेक मिनिटं ओलं ठेवायचं आणि फेस तसाच राहू द्यायचा. तो धुवायला म्हणून गच्चीवरच्या टाकीचं पाणी घातलं की केलेलं सगळं पाण्यात. ब्लीच स्वस्त पडतं खरं, पण नीट धुतलं गेलं नाही तर बियरला दवाखान्याचा वास येतो, आणि ते ॲसिडमध्ये किंवा विनेगरमध्ये कुणी मिसळू नका हो, विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे तरी ठळक छापा.

लेखाचा पुढचा भाग येणार असं लिहिलंय, त्यात तोटी खोलून दाखवणारा एक फोटो टाकता आला तर बघा.

तुमचा एक वाचक,
फोंडा