मेस्त्री, तुम्ही अण्णांचा हात धरलात त्याबद्दल

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "असू द्या की ताई, त्यात काय" म्हणत चहा मागवलात आणि विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. सोलापुरात तुमच्या हाताखाली ज्यांची घरं बांधली गेली, ते ओळखतीलच.

आम्ही जे घर घेणार होतो, ते माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पहिल्यांदा पाहिलं ते भावाने पाठवलेल्या व्हिडिओत. पुण्यात, मुठेच्या काठची शांत गल्ली. तळमजला, म्हणजे अण्णांच्या गुडघ्यांना जिना नाही. मागे छोटी बाग आणि कुंपणापलीकडे नदी. आतून सगळं नवं केलेलं: इटालियन मार्बल, मॉड्युलर किचन, हॉलमध्ये छातीपर्यंत लाकडी पॅनेलिंग, छतात लपवलेले दिवे. अण्णांनी यातलं काहीच धड पाहिलं नाही. त्यांनी नदी पाहिली. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात, पिंपं भरण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला खिडकीतून वाहतं पाणी दिसणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळणार नाही. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीत येते, हे त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. "म्हणजे आपल्या नळाचं पाणी आधी माझ्या दारावरून जाणार," असं म्हणाले. आई गेल्यानंतर त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

त्या खुशीपोटीच आम्ही सगळे आंधळे झालो. सोलापूरच्या पूर्वभागातल्या आमच्या घराला गिऱ्हाईक लागलं, इसार घेतला. तिकडे टोकनही देऊन झालं. भावाने विचारलं नाही असं नाही. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं, ते त्याच्या डोळ्यांसमोरचं. दलालाने हसून सांगितलं, "पाणी रस्त्यापर्यंत आलं होतं साहेब, आवारात नाही." मूल्यांकन करणारा माणूस आला, दहा मिनिटं फिरला, फोटो काढले, गेला. पैसे घेऊन घराची तपासणी करून देणाऱ्यांनी रंगीत अहवाल पाठवला, त्यात पाण्याच्या नळांचा दाब आणि दारांच्या बिजागऱ्या होत्या. शिकलेली, पगारी, आपापल्या कामाची फी घेणारी माणसं ही. एकालाही खाली वाकून बघावंसं वाटलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तुम्हाला आम्ही तपासायला नेलंच नव्हतं. अण्णांना मागच्या बागेत तुळशीचा कट्टा हवा होता, त्याचं माप घ्यायला तुम्ही डिसेंबरात आमच्याबरोबर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आलात. गाडीत तुम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडलीत, अण्णांनी नको नको म्हणत दोन भाकऱ्या खाल्ल्या. मागच्या सप्टेंबरात सीनेचा पूर तुमच्या घरात शिरला ते तुम्ही तेव्हाच सांगितलंत, अगदी थोडक्यात, जसं कुणी पावसाचं सांगतं तसं. धान्य गेलं, दोन शेळ्या गेल्या, भिंती अजून ओल धरून आहेत. मी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

घरात पाऊल टाकल्यावर सगळ्यांनी वर छताकडे पाहिलं. तुम्ही भिंती पाहिल्यात. नंतर परतीच्या गाडीत तुम्ही मला एकेक उलगडून सांगितलंत तेव्हा कळलं. अख्ख्या घरात एकही प्लग खाली नव्हता. टीव्हीचा, फ्रिजचा, पलंगाशेजारचा, सगळे बोर्ड छातीच्या उंचीवर नेलेले. पॅनेलिंगही सगळीकडे त्याच उंचीपर्यंत. जुन्या सागवानी चौकटी वर सरळ आणि खालच्या दीड हातात फुगलेल्या, वरून नवा पत्रा चिकटवलेला. तुम्ही नाण्याने भिंतीवर हळूच टकटक केलीत, आवाज बदलला की थांबलात. पण तिथे तुम्ही यातलं एक अक्षर बोलला नाहीत.

दलाल बोलत होता. घरमालक चहा घेऊन उभे होते. अण्णा त्यांना तुळस कुठे लावणार ते सांगत होते. त्या वेळी तुम्ही ओरडून सांगितलं असतंत तरी चुकलं नसतं. तुमच्या जागी मी असते तर ओरडले असते. आणि अण्णा त्या चार माणसांत, ज्याला फसवायला सोपं गेलं असा म्हातारा होऊन उभे राहिले असते.

तुम्ही चपला बाहेर काढल्यात, कपाटाशेजारी उकिडवे बसलात, पॅनेलची एक सैल पट्टी बोटाने बाजूला केलीत आणि म्हणालात, "मालक, जरा हात लावून बघा की इथं." गुडघ्यामुळे अण्णांना वाकता येईना, तेव्हा तुम्ही उठून त्यांना धरलंत, हळूच खाली बसवलंत आणि त्यांचा हात तुमच्या हाताने त्या फटीत नेऊन भिंतीवर ठेवलात. वर आणखी काही बोलला नाहीत.

अण्णांनी बत्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात काढली. ओलं सूत वजनाला जास्त भरतं, म्हणून काही व्यापारी मुद्दाम दमट माल द्यायचे. अण्णा नुसत्या तळव्याने सांगायचे की या मालात पाणी आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, अण्णांनीच गाडीत कधीतरी सांगितलं असणार. तुमच्या ते लक्षात राहिलं होतं. भिंतीवर त्यांचा हात बराच वेळ होता. मग त्यांनी बोटं बाहेर काढून पाहिली, त्यांवर ओलीने भिंतीला फुटणाऱ्या क्षाराचा पांढरा भुगा होता. आणि ते आपल्या नेहमीच्या आवाजात, कारखान्यातल्या आवाजात, घरमालकांना म्हणाले, "पाणी कुठवर आलं होतं?"

घरमालकांनी कपबशी खाली ठेवली आणि कमरेपाशी हात नेला. दलाल गप्प झाला.

फसवणूक अण्णांनी स्वतः पकडली, मेस्त्री. त्यांच्या हाताने पकडली. त्या दिवशी आमचे पैसे वाचले हे खरंच, पण मी तुमचे आभार मानते ते यासाठी. टोकन परत मिळालं, इकडचा इसार परत केला, त्यात काय काय सोसलं ते लिहीत बसत नाही.

परतीच्या गाडीत मी तुमच्या दिवसाची मजुरी पुढे केली तर तुम्ही म्हणालात, "कट्टा बांधलाच नाही तर मजुरी कसली?" ज्यांनी फी घेतली त्यांनी बघितलं नाही आणि ज्यांनी बघितलं त्यांनी फी घेतली नाही. आपल्या गावात अशी माणसं आहेत म्हणून मला इथे राहणं परवडतं. मी शाळेत मुलांना शिकवते, पण दुसऱ्याचा मान राखून खरं कसं सांगायचं, हे मी त्या उकिडव्या बसलेल्या माणसाकडून शिकले.

अण्णा आता पुण्याचं नाव काढत नाहीत. संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी जाऊन बसतात. तुळशीचा कट्टा आमच्याच अंगणात बांधायचा ठरलाय, उंची तुम्हीच सांगायची. तुमच्या घरातली अंथरुणं पुरात गेली हे त्यांच्या डोक्यातून जात नाही. त्यांनी सहा चादरी काढून, घडी करून, दाराशी ठेवल्यात, आणि रोज एकदा हात फिरवून कोरड्या आहेत ना ते बघतात. रविवारी त्या घेऊन आम्ही तुमच्याकडे येतोय. घरी असा. आणि चहा मागवून विषय बदलू नका.

तुमच्या मालकांची लेक