दोन तास आणि एक गोधडी : शब्दखेळांच्या स्पर्धेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

बॉस्टन-केंब्रिज परिसरातल्या सर्व मराठी मंडळींना आमच्या वाचनकट्ट्याकडून ही विनंती.

इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन, म्हणजे आयएफ कॉम्प, ही शब्दांतून खेळायच्या छोट्या खेळांची हौशी स्पर्धा १९९५ पासून दरवर्षी भरते. पहिल्या वर्षी १२ खेळ आले होते, २०२० मध्ये १०३. यांत चित्रे बहुधा नसतातच. पडद्यावर मजकूर येतो. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, ते वाचायचे आणि पुढे काय करणार ते टाइप करायचे किंवा दिलेल्या पर्यायांतून निवडायचे.

या खेळांची मुळे आपण राहतो त्याच गावात आहेत. केंब्रिजच्या बीबीएन कंपनीत काम करणाऱ्या विल क्राउदर यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात केंटकीतल्या गुहेवरून आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला. मग एमआयटीत ‘झॉर्क’ हा असाच खेळ तयार झाला आणि तिथल्याच मंडळींनी १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी काढली. पुढे बाजारातून हे खेळ हटले, पण हौशी माणसांनी ते सोडले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात क्राउदर यांचा तो गुहेचा खेळ आम्ही कट्ट्यावर लावला. साताऱ्याहून लेकीकडे आलेल्या एक आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. लेक एकेक ओळ मराठीत सांगत होती. खेळणारे जावई खेळातल्या गुहेत कंदील हातात असूनही तसेच अंधारात निघाले, तशा आजी चष्मा सावरत पुढे सरकल्या. “अहो जावईबापू, आधी कंदील तर पेटवा!” अंधारात चालले की खड्ड्यात पडून खेळ आटोपण्याचा धोका असतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. त्या संध्याकाळी चहा तीनदा झाला आणि आजी उठल्या नाहीत.

या स्पर्धेला असेच परीक्षक लागतात. ते तज्ज्ञ नसतात, तुमच्याआमच्यासारखे वाचक असतात. एका खेळाला जास्तीत जास्त दोन तास द्यायचे आणि १ ते १० पैकी गुण द्यायचे. त्यानंतर हवे तितके खेळा, पण गुण त्या दोन तासांवरच. निदान पाच खेळांना गुण दिले तरच मत धरले जाते. गेल्या वर्षी आमच्यातल्या तिघांनी चारच खेळ पुरे केले आणि त्यांची सगळी मते वाया गेली. लिहिणारा रात्री जागून खेळ रचतो. आपल्या आळसाने त्याचा एक वाचक कमी व्हावा, याचे आम्हाला फार वाईट वाटले. म्हणून यंदा पाच पुरे करणारे निदान दहा जण हवे आहेत. खेळ फुकट आहेत. इंग्रजी जड जाणाऱ्यांसोबत कट्ट्यावरचे कुणीतरी बसेल.

दुसरी विनंती बक्षिसाची. इथे बक्षिसे लोकांनीच दिलेली असतात. पहिला आलेला त्यांतून आवडेल ते उचलतो, मग दुसरा, मग तिसरा, अशी यादी खाली सरकते. आम्ही यंदा एक गोधडी देणार आहोत, हाताने घातलेल्या टाक्यांची. त्यासाठी जुनी, मऊ झालेली सुती लुगडी किंवा साड्या हव्यात. नव्या कोऱ्या नकोत, त्यांना ती ऊब येत नाही. दोघी-तिघी टाके घालायला बसल्या तर काम वेळेत होईल. गोधडी वजनाला भारी आणि जिंकणारा कुठल्याही देशातला असू शकतो, तेव्हा टपालखर्चाला हातभार लावा.

ज्यांना थेट पैसे द्यायचे आहेत त्यांच्यासाठी स्पर्धेचा ‘कलोसल फंड’ २०१७ पासून आहे. त्यातले ८० टक्के वरच्या दोन-तृतीयांश खेळांच्या लेखकांना वाटले जातात. उरलेले २० टक्के स्पर्धा चालवणाऱ्या ना-नफा संस्थेच्या कामाला जातात. ती रक्कम परस्पर तिकडेच द्यावी, कट्ट्याकडे नको.

साड्या आणि टपालखर्चाचे पैसे पुढच्या बैठकीला घेऊन या. पावती तिथेच मिळेल. आजी अजून महिनाभर इथे आहेत आणि पहिला टाका त्या घालणार आहेत.

आपले,
वाचनकट्ट्याचे सर्व सभासद