पाऊस तर त्यांच्यावरही पडतो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या हिवाळ्यावर लेख आला होता, त्यात कॅनडा म्हणजे गुडघाभर बर्फ, उणे तीस तापमान आणि खिडकीत बसून इंडियाच्या फोनची वाट बघणारे आजीआजोबा, एवढंच होतं. विनिपेगला असेलही तसं, मी नाही म्हणत नाही. पण आम्ही व्हँकुव्हरला लागून बर्नाबीत राहतो आणि इथे चार बोटं बर्फ पडला तरी बसेस चढावर अडकतात, सगळं शहर गोंधळून जातं, कारण इथला हिवाळा म्हणजे पाऊस. नोव्हेंबरात सुरू होतो तो सुरूच. वर्षाचा एकूण आकडा बघितला तर मुंबईच्या जेमतेम निम्मा, हजार-बाराशे मिलिमीटर, पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि हा मेला दिवसेंदिवस नुसती रिपरिप करत बसतो, त्यात डिसेंबरात सव्वाचारला अंधार. माणूस कंटाळतो हे खरंच आहे, पण ते घरात बसल्यामुळे.

मी मूळची चिपळूणची, त्यामुळे ओलं होण्याचं मला काही वाटत नाही, पण सासूबाई पुण्याच्या, त्या आल्या की पहिले पंधरा दिवस "अगं सर्दी होईल" चालतं. इथली लोकं पोरांना मडी बडी घालतात, म्हणजे टाचेपासून मानेपर्यंत एकसंध रेनकोट, आणि देतात सोडून चिखलात. मी सासूबाईंना रेनपँट आणि चांगले बूट घेऊन दिले आणि मग गाडी रुळावर आली. कॅपिलानोच्या झुलत्या पुलाचं तिकीट महाग आहे, लिन कॅन्यनचा झुलता पूल फुकट आहे, आणि पावसात खालची नदी अशी फुगलेली असते की पुलावर बोललेलं ऐकू येत नाही. फार ओलं झालं तर क्वीन एलिझाबेथ पार्कातला ब्लोडेल कॉन्झर्व्हेटरी या बंदिस्त बागेचा घुमट आहे, १९६९ सालचा, आत उबदार दमट हवा, मोकळे फिरणारे पक्षी, मोठे मकॉ पोपट. सासूबाई तिथे बाकावर बसल्या की उठतच नाहीत, म्हणतात इथे घराच्यासारखं वाटतं. सीबस नावाच्या बोटीने समुद्र ओलांडून नॉर्थ व्हँकुव्हरला जाऊन यायचं तेही शनिवार-रविवारी बसच्याच तिकिटात. एवढं सगळं असताना आपली मराठी कुटुंबं शनिवार आला की कॉस्टकोत खरेदी आणि कोणाच्या तरी घरी पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण), बस्स.

पण मला खरं लिहायचंय ते चिनी नववर्षाबद्दल, कारण या शहराच्या हिवाळ्यात तोच खरा सण आहे. ख्रिसमसचे दिवे उतरले की सगळीकडे मरगळ येते आणि नेमकं तेव्हाच इथल्या रिचमंड उपनगरात फुलांचे बाजार लागतात, ऑर्किड, निशिगंधासारख्या वासाचं नार्सिसस, छोट्या संत्र्यांनी लगडलेल्या कुंड्या. दोनतीन वर्षं मी हे फक्त शॉपिंग म्हणून बघत होते. मग शेजारच्या कँटोनीज आजींनी एकदा सासूबाईंना बोलावलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, मधे माझी मुलगी इंग्रजीतून दुभाषी. आजी म्हणाल्या, पहिल्या दिवशी घरात केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते (म्हणजे त्या लक म्हणाल्या, मुलीने लक्ष्मी केलं). सासूबाई लगेच, आमच्यातही तिन्हीसांजेला काढत नाहीत! आणि त्या दिवशी त्यांच्याकडे मांसाहार नव्हता, मशरूम, टोफू, कोबी आणि काचेसारख्या शेवयांची भाजी होती, जी बरीच बौद्ध कुटुंबं पहिल्या दिवशी करतात, त्यामुळे सासूबाईंनी पोटभर खाल्लं. निघताना पोरांच्या हातात लाल पाकिटं. लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना द्यायची असतात, म्हणून आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या भाच्याला सव्वीस वर्षांचा असूनही मिळालं आणि मला नाही.

पंचांगाचं तर मला फारच आवडलं. त्यांचं नवं वर्ष अमावस्येला लागतं, बहुतेक आपल्या पौष नाहीतर माघ अमावस्येला, २०२५ मध्ये २९ जानेवारीला तिकडे प्रयागला मौनी अमावस्येचं कुंभस्नान चालू होतं आणि इकडे त्यांच्या प्राण्यांच्या चक्रातलं सापाचं वर्ष लागलं, २०२६ मध्ये महाशिवरात्रीनंतर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, घोड्याचं. पुढे पंधरा दिवसांनी पौर्णिमेला कंदिलांचा सण. अधिक महिनासुद्धा आहे त्यांच्यात, १९ वर्षांत ७, आपल्यासारखाच हिशोब. सासूबाईंनी कालनिर्णय काढून ताडून बघितलं, तेव्हाच त्यांना पटलं.

मग चायनाटाउनमधली परेड. साधारण नववर्षाच्या आसपासच्या रविवारी असते, १९७० च्या दशकापासून चालू आहे. स्टेडियम-चायनाटाउन स्टेशनला उतरायचं आणि पेंडर स्ट्रीटवर कमानीपाशी उभं राहायचं. आम्ही गेलो तेव्हा धो धो नाही पण सरळ भिजवणारा पाऊस होता. सिंहनाचातल्या सिंहाच्या मखमली डोक्यावर पारदर्शक प्लास्टिक बांधलेलं, आतल्या दोन पोरांचे पाय चिंब, ढोलवाल्याच्या ढोलावरून पाण्याचे शिंतोडे उडतायत आणि तो वाजवतोय. दुकानदाराने दारावर उंच लेट्युसचा गड्डा आणि त्यात लाल पाकीट टांगलेलं, सिंह उडी मारून तो तोंडात घेतो, चघळल्याचं नाटक करतो आणि पानं फाडून लोकांच्या अंगावर फेकतो, पाकीट मात्र आतच ठेवतो. माझ्या मुलाच्या टोपीवर पान पडलं, त्याला घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवायचं होतं. तिकीट नाही, पास नाही, शाळांचे बँड, चिनी नसलेले गटसुद्धा चालत होते.

नंतर चिनी नेते सन यात-सेन यांच्या नावाच्या, जुन्या चिनी पद्धतीच्या बागेत गेलो. १९८६ ची, चीनमधल्या सुझोऊ शहरातून आलेल्या ५२ कारागिरांनी बांधलेली, चीनबाहेरची अशी पूर्ण आकाराची पहिली बाग असं सांगतात, खिळे न वापरता. पाऊस पडला की तिथल्या कौलांच्या टोकाच्या पाळ्यांवरून पाणी मण्यांच्या सरींसारखं गळावं अशीच ती कौलं घडवलीयत. मी तिथे उभी राहून आमच्या घराच्या पागोळ्या बघत होते असंच वाटलं. भर पावसात जावं अशी जागा आहे ती, उन्हाळ्यात टुरिस्टांना जाऊ दे.

आता आपल्या लोकांचं. चायनाटाउनला जातोय म्हटलं की "अगं तिकडे कशाला, बाजूला हेस्टिंग्स स्ट्रीट आहे, ड्रग्जवाले असतात". असतात, खोटं नाही, भिंतींवर रंग फासलेला असतो, बरीच दुकानं बंद झालीयत. पण तरीही चिनी लोक सण तिथेच करतात, रिचमंडच्या चकाचक मॉलमध्ये सगळंच नेत नाहीत, आणि ते का हे तिथल्या चायनीज कॅनेडियन म्युझियममध्ये गेलं की कळतं. २०२३ मध्ये उघडलंय, १८८९ च्या विंग सांग इमारतीत. रेल्वे बांधायला चिनी मजूर हवे होते, ती १८८५ ला पूर्ण झाली आणि त्याच वर्षी त्यांच्यावर डोईपट्टी बसली, आधी ५० डॉलर, १९०३ पासून ५०० डॉलर, आणि १९२३ पासून येणंच जवळजवळ बंद, ते थेट १९४७ पर्यंत. बायकापोरं तिकडे, नवरे इकडे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, १९१४ मध्ये याच बंदरात कोमागाटा मारू जहाजातल्या आपल्या माणसांना दोन महिने अडकवून परत पाठवलं होतं, आणि या प्रांतात मताचा हक्क चिनी आणि हिंदुस्थानी दोघांनाही परत मिळाला तो १९४७ मध्येच. ज्या रस्त्यावर नको होतात त्याच रस्त्यावर मधोमध ढोल वाजवत चालायचं, पाऊस असो नाहीतर काही असो.

आणि आपण? आमच्या इथल्या एका मंडळाचा पाडवा शाळेच्या जिममध्ये असतो, आत तिकीट, जेवणाचं कूपन, नाटुकलं, आणि बाहेर पार्किंगमध्ये उभ्या माणसाला पत्ता नसतो की आत काय चाललंय. मी मीटिंगमध्ये विषय काढला की रस्त्यावर करूया, तर परमिट, इन्शुरन्स, म्हाताऱ्यांना थंडी, आणि शेवटी हमखास "मार्चमध्ये पाऊस असतो". अहो, इथल्या सरे शहरातली वैशाखी पंजाबी लोक रस्त्यावरच करतात ना, लाखो लोक येतात. नववर्षाची शोभायात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीने सुरू केली आणि आज गिरगाव, ठाणे सगळीकडे निघते, अमेरिकेत कितीतरी गावांत आपली ढोल-ताशा पथकं आहेत, मग पाऊस काय फक्त आपल्यालाच भिजवतो का? लगेच आपली स्वतंत्र यात्रा नको, पहिल्या वर्षी चायनाटाउनच्या परेडमध्येच नाव द्या, वीस माणसं नऊवारीवर रेनकोट घालून चालली तरी पुरे, आणि चिनी आजी बघायला येतील याची गॅरंटी माझी.

तुमचा पेपर इथे ऑनलाइन बरेच जण वाचतात, मंडळातलेही, म्हणून पत्र छापा ही विनंती. लेझीम भारतातून आणायच्या खर्चाचं कारण कोणी सांगू नये, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी आणलेल्या आमच्या गॅरेजमध्ये पडून आहेत, गंज काढला की झालं. आणि सासूबाई पहिल्या रांगेत चालणार म्हणतायत.

आपली,
एक वाचक
बर्नाबी, कॅनडा